परत साफ डोळ्यापर्यंत

शेषराव तायडे एका जागी अर्धा तास बसलाय, असं जयपुरात कोणी पाहिलं असेल तर त्यानं पुढं येऊन सांगावं. तीस वर्षं रेल्वेत कीमन म्हणून काढली त्यानं. कीमनचं काम म्हणजे रोज सकाळी हातोडा घेऊन आपल्या हद्दीतला रूळ पायी पाहत जायचा, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या असतील तर ठोकून बसवायच्या, आणि कुठं तडा दिसला तर लाल झेंडी लावून गाडी थांबवायची. गांधीनगर स्टेशनच्या पुढं पाच किलोमीटर जायचं, पाच परत यायचं. नाकासमोर चालणारा माणूस म्हणतात ना, तो हा, आणि अगदी शब्दशः.

आणि आता त्याच नाकाच्या डाव्या अंगाला पांढऱ्या पट्टीचा हा एवढा बोळा चिकटवून त्याला दवाखान्याच्या खुर्चीत बसवलं होतं. सकाळी साडेआठपासून. आता दीड वाजत आला होता. पाय नुसते शिवशिवत होते.

"बसा ना जरा," त्याची बायको द्वारका म्हणाली. "इथं काय रूळ हाय का तपासाले? मघापासून वीस चकरा मारल्या तुम्ही."

"चौदा."

"मोजून राह्यले! धन्य हाय बाप्पा तुमची."

द्वारकेचं काही चुकत नव्हतं. पण तिला काय सांगणार? बसलं की जीव घाबरा होत होता, उठलं की नाक ठणकत होतं. मधला काही मार्गच नव्हता.

झालं होतं ते असं. दोन वर्षांपूर्वी नाक आणि डाव्या डोळ्याच्या मधल्या खळग्यात एक काळा ठिपका आला. तीळ असेल म्हणून सोडून दिला. मग त्या तिळाला चकाकी आली, मग त्यावर खपली धरायला लागली. तोंड धुताना खपली निघायची, टिपूसभर रक्त यायचं, पुन्हा खपली. शेषरावनं त्यावर तंबाखूच्या डबीतला चुना लावला. गल्लीतल्या मेडिकलवाल्यानं दिलेलं मलम लावलं. द्वारका म्हणत होती, डॉक्टरला दाखवा, दाखवा. हा म्हणायचा, भाग्याचा तीळ आहे, राहू दे. शेवटी पोरगा हात धरून घेऊन गेला. तुकडा तपासला तेव्हा कळलं, कातडीचा कॅन्सर.

पोरगा म्हणजे संकल्प. गोपालपुऱ्यात एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. जन्म जयपूरचा, शाळा हिंदी, मित्र हिंदी, स्वप्नंसुद्धा बहुतेक हिंदीतच पडत असावीत. घरी मराठी बोलतो, पण ती अशी की ऐकणाऱ्यानं धीर धरावा. दहावीच्या सुट्टीत गावी, मूर्तिजापूरला गेला होता, तेव्हा मोठ्या काकांनी विचारलं, अभ्यास कसा चाललाय? पोरगा मान खाली घालून म्हणाला, "काकाजी, मी खूप चेष्टा करतो." हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. काकांना वाटलं कार्टं उद्धट आहे. त्यावरून अजून घरात हसतात.

महिन्यापूर्वी डॉक्टर नीरजनी समोर बसवून सगळं समजावून सांगितलं होतं. माणूस तरुण, पण बोलायला निवांत. औषधाच्या चिठ्ठीवर त्यांनी एक नाक काढलं, शेजारी एक डोळा काढला आणि मधे पेनानं काळा ठिपका दिला. हा कॅन्सर सहसा दुसरीकडे पसरत नाही, ते म्हणाले, पण जिथं आहे तिथं खात जातो, आणि वरून दिसतो त्यापेक्षा आत जास्त असतो. शेकायच्या मशीनचा, म्हणजे रेडिएशनचा, मार्ग आहे, पाच-सहा आठवडे रोज यावं लागेल. पण ऑपरेशन झेपत असेल तर ऑपरेशनच बरं. एकदाच कापायचं तर आजूबाजूची चांगली कातडीही अंदाजानं घ्यावी लागते, आणि सगळं निघालं की नाही ते आठ दिवसांनी कळतं.

"अंदाजाने मतलब किती?" शेषरावनं विचारलं होतं.

"चार-पाँच मिलीमीटर. और यहाँ से आँख उतनी ही दूर है, बाबा."

शेषराव म्हणाला होता, रूळ तडकला की आम्ही पण तडा दिसतो तिथंच नाही कापत साहेब, दोन्ही अंगांनी चांगलं लोखंड लागेस्तोवर कापतो. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, बस, हेच. फक्त तुमच्या नाकाचं लोखंड स्वस्त नाही. म्हणून थोडं थोडं घेऊ. एक पातळ लेयर काढायची, लगेच इथंच मायक्रोस्कोपखाली बघायची, ज्या बाजूला मूळ शिल्लक दिसेल तेवढ्याच बाजूची पुढची लेयर काढायची. भूल फक्त तेवढ्या जागेपुरती. वेळ लागतो, अख्खा दिवस जाईल. शेवटी जो खड्डा उरेल तो गालाची कातडी सरकवून बुजवायचा. मोठा झाला तर कानामागची कातडी लावायची. फारच मोठा झाला तर कपाळाची कातडी वळवून आणायची, आणि मग तीन आठवडे कपाळापासून नाकापर्यंत कातडीची एक पट्टी लोंबत राहते.

"म्हंजे सोंड," द्वारका म्हणाली होती.

सोंडेचं शेषरावला काही वाटलं नाही. त्यानं एकच विचारलं, डोळा? डॉक्टरांनी लपवलं नाही. मूळ पापणीपर्यंत गेलं असेल तर खालची पापणी काढावी लागेल, डोळ्याच्या सर्जनला बोलवावं लागेल, नवी पापणी बनवता येते, पण नजर आधीसारखी राहीलच असं सांगता येत नाही.

झालं. तेव्हापासून शेषरावचा जीव टांगणीला. रेल्वेत कीमनची नजर ठरल्या मुदतीत तपासतात. नजर गेली की रूळ गेला. त्याच्या सोबतचा विलास, मोठा दांडगा माणूस, त्याच्या डोळ्यात मोतीबिंदूचं काही बिघडलं तर ऑफिसच्या दाराशी स्टुलावर बसवला त्याला, आत कोण जातो ते रजिस्टरात लिहायला. पगार तोच. पण सहा महिन्यांत विलासचे खांदे पडले. शेषराव तिकडून जायचा तेव्हा विलास म्हणायचा, "आज कुठवर गेला होता रे? बाभळीजवळचा तो जोड कसा आहे?" ते ऐकवत नसे. रिटायर व्हायला शेषरावला पंधरा महिने होते. पंधरा महिने स्टुलावर! त्यापेक्षा कॅन्सर बरा, असं तो एकदा बोलूनही गेला होता आणि द्वारकेनं त्याला दोन दिवस जेवण वाढलं पण शब्द बोलली नाही.

तर आज सकाळी पहिली लेयर निघाली. दीड तासानं सिस्टर येऊन सांगून गेली, तीन बाजू क्लिअर, डोळ्याकडच्या बाजूला शिल्लक आहे. डोळ्याकडच्याच! पुन्हा आत, पुन्हा सुई, पुन्हा ते कातडी कापल्याचं कळतंही आणि दुखत नाही असं विचित्र. दुसरी लेयर निघाली. पट्टी लावून परत बाहेर बसवलं. डॉक्टर संकल्पला म्हणाले, तुम्ही सायन्सचे आहात, या, मायक्रोस्कोपमधून दाखवतो.

संकल्प उठला तेव्हा शेषरावनं त्याचा हात धरला.

"हे पाह्य. इथं सारे हिंदीत नाही तं इंग्रजीत बोलून राह्यले. क्लिअर काय, लेयर काय. माह्या नाकाचं काय चाललं ते मले माह्या भाषेत सांगजो. मराठीत. समजलं?"

"हो पप्पा. मराठीत सांगतो. पक्का."

पोरगा आत गेला. वीस मिनिटं गेली, पंचवीस गेली. समोर टीव्हीवर आवाज बंद करून बातम्या चालू होत्या, एक बाई काहीतरी तावातावानं सांगत होती आणि ऐकू काहीच येत नव्हतं. शेषरावला त्या बाईचासुद्धा राग आला. द्वारका म्हणाली, "मी चहा आणते खालून. तुम्ही हलू नका. हललात तं मंग पाहा." ती जिन्याकडे वळली आणि तेवढ्यात फोन वाजला. टिंग.

पट्टीमुळे चष्मा नाकावर बसत नव्हता. त्यानं फोन लांब धरला. संकल्पचा मेसेज. देवनागरीत. पोरानं आयुष्यात पहिल्यांदा बापाला मराठीत मेसेज लिहिला होता.

*पप्पा परत साफ डोळ्यापर्यंत*

शेषरावनं वाचलं. पुन्हा वाचलं.

परत. म्हणजे दुसऱ्यांदा कापलं तरी पुन्हा आहेच. आणि कुठवर? साफ डोळ्यापर्यंत. पार डोळ्यापर्यंत. पोरानं पुढं काही लिहिलं नव्हतं. काय लिहिणार? बापाला असं काही लिहिताना पोराचा हात थांबला असेल.

तो उठला. खरं सांगायचं तर त्यानं काही ठरवलं नाही, पायांनी ठरवलं. लिफ्टजवळ गर्दी होती. जिन्यानं द्वारका भेटली असती. मागच्या बाजूला एक अरुंद जिना होता, सामान न्यायचा, त्यानं तो खाली आला. दारावरचा गार्ड म्हणाला, "बाबा, कहाँ?" हा म्हणाला, "हवा खाने," आणि फाटकाबाहेर पडला.

वैशाखातलं जयपूर, दुपारचे दोन. हवा कसली, भट्टीच होती. डोक्यावर टोपी नाही, रुमाल नाही. उन्हात टोपीशिवाय एक पाऊल टाकायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, या रोगाला ऊन आवडतं म्हणून. शेषराव म्हणाला, घे, आवडतं ना, घे किती पाहिजे तेवढं. तो टिळक नगरच्या गल्लीतून निघाला तो थेट मोठ्या रस्त्याला लागला. आता त्याला आत नेतील. डोळ्याचा सर्जन येईल. पापणी काढतील. मग रजिस्टर, स्टूल, आज कुठवर गेला होता रे. नाही म्हणजे नाही. आहे तसा राहू दे. खाऊ दे त्याला काय खायचं ते. निदान तोवर चालता तरी येईल.

पायांना दुसरी वाट माहीत नव्हती. ते त्याला रुळाकडेच घेऊन गेले.

रुळावरच्या पुलावर तो येऊन थांबला. गाड्यांचे हॉर्न, धूळ, शेजारून सिटी बस गेली तर कठडा हादरला. खाली रूळ पडले होते, चकचकीत, त्याचेच. त्यानं उजवा हात डाव्या डोळ्यावर धरला आणि एका डोळ्यानं खाली पाहिलं. रूळ कागदावर काढल्यासारखे सपाट दिसले. जवळचा स्लीपर कोणता, लांबचा कोणता, काही कळेना. चाव्या शोधायला गेला, एकही दिसेना. आता एवढ्या उंचावरून त्या दोन डोळ्यांनीही दिसल्या नसत्या, पण हे त्या घडीला त्याला कोण सांगणार? हात काढला, तर पट्टीखालून काहीतरी कोमट ओघळत ओठापर्यंत आलं. रक्त. भूल उतरायला लागली होती आणि नाक ठसठसत होतं.

मग त्याला राग आला, आणि तो डॉक्टरचा नव्हता. केसाएवढ्या तड्यासाठी मी आख्खी एक्स्प्रेस थांबवली होती, तो मनात म्हणाला. ड्रायव्हर शिव्या देत होता, तरी हललो नाही. तीस वर्षं डोळ्यात तेल घालून दुसऱ्यांचे तडे पाहिले. अन् स्वतःच्या थोबाडावर दोन वर्षं तडा होता तर त्यावर चुना लावत बसलो. शेषराव, गाढवा. बायको सांगत होती. सांगत होती ना?

खिशात फोन थरथरत होता. एकदा, दोनदा, पाचदा. द्वारकाच असणार. त्यानं काढला नाही. काय बोलणार? रडू आवाजात येईल आणि ती ओळखेल. तो कठड्याला धरून उभा राहिला, मग तेही जमेना, म्हणून पुलावरून पुढं चालायला लागला, कुठं ते माहीत नसताना. जन्मात पहिल्यांदा तो पावलं मोजत नव्हता.

"पप्पाऽऽ!"

रस्त्याच्या पलीकडून. मधे दुभाजक, दुभाजकाच्या दोन्ही अंगांनी गाड्यांची रांग. पलीकडे स्कूटर आडवी टाकून संकल्प उभा होता, बाप रुळाकडेच गेला असणार हे ओळखून आलेला, घामानं निथळत, हातवारे करत. शेषरावनं पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि पाय उचलला.

"पप्पा! परत! पप्पाऽऽ, परत! परत!"

पुढचं काही हॉर्नमुळे ऐकू येईना. शेषराव थांबला.

सव्वीस वर्षांचं पोर. लहानपणी रुळाजवळ खेळायचं तेव्हाही बापाला हाक मारायचं ती हिंदीत. पापा रुको. पापा सुनो. पापा वापस आओ. ड्यूटीवर निघालेल्या बापाचा पाय धरून रडायचं तेही हिंदीतच. शेषरावनं कधी बोलून दाखवलं नाही, पण ते मनात कुठंतरी टोचत राहिलं होतं, की माझं पोर मला माझ्या बोलीत कधी बोलावत नाही. आणि आज भर रस्त्यात, हॉर्नच्या गदारोळात, गळ्याच्या शिरा ताणून ते ओरडत होतं, परत. परत या.

एक डोळा जाईल, त्याला वाटलं. जाऊ दे. पोरगा बोलावतोय.

तो वळला. गाड्यांना हात दाखवत दुभाजकाकडे चालायला लागला. तीस वर्षं हात दाखवून गाड्या थांबवल्या होत्या, आजही थांबल्या, शिव्या देत का होईना. संकल्पनं अर्ध्या वाटेत येऊन त्याला मिठीच मारली.

"चल," शेषराव म्हणाला. "काढा म्हणा पापणी. काय काढाचं ते काढा. मी बसतो स्टुलावर."

संकल्पनं त्याचे खांदे धरले. "कौनसी पापणी? पप्पा, मी लिहिलं ना तुम्हाला! परत साफ आहे!"

"म्हून तं म्हणतो ना बापा. वाचलं मी. परत हाय. साफ डोळ्यापर्यंत."

"अरे पर... हां, तर मग पळाले काहून?"

"डोळा जाईन म्हून!"

"डोळा कशाला जाईल? परत साफ आहे!" संकल्प रडकुंडीला आला. त्यानं डाव्या तळव्यावर उजवा तळवा ठेवून तो अलगद सोलल्यासारखा उचलला. "परत, पप्पा! परत मतलब... वो जो काटते हैं ना! लेयर! लेयर क्लीन आहे. डोळ्यापर्यंत पूरी क्लीन. मी स्वतः पाहिलं मायक्रोस्कोपमध्ये. काही राहिलं नाही. पापणीला हात पण नाही लावणार. गालाची स्किन सरकवणार, बारा-पंधरा टाके, बस. डॉक्टर थांबलेत. तिकडे मम्मी पूरा हॉस्पिटल डोक्यावर घेऊन राहिली."

शेषराव मटकन दुभाजकावर बसला. तापलेल्या सिमेंटचा चटका बसला तरी उठला नाही. शेजारून ट्रक गेला, टेम्पो गेला. तो हसायला लागला आणि हसताना नाक असं कळवळलं की डोळ्यांत पाणी आलं. दोन्ही डोळ्यांत. नंतर ते पाणी हसण्याचं राहिलं नाही, आणि त्यानं ते पुसलंही नाही.

"अबे गाढवा," तो म्हणाला, "मराठीत परत म्हंजे लेयर नाही. परत म्हंजे वापस."

"वापस?" संकल्पनं विचारलं. मेसेज काय झाला असेल ते त्याच्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. शिरल्यावर त्यानं कपाळावर हात मारला. "मतलब मी तुम्हाला लिहिलं... ओह. सॉरी पप्पा. सॉरी. हिंदीत लेयरला परत म्हणतात, मला वाटलं मराठीत पण तेच. शुद्ध लिहू म्हटलं. तुम्ही बोलले होते ना, तुमच्या भाषेत."

"बोललो होतो."

"मग आत्ता मी तिकडून परत परत ओरडत होतो, ते तुम्हाला..."

शेषरावनं मान हलवली. "म्हून तं फिरलो. नाही तं कायले फिरतो?"

संकल्पनं खिशातून रुमाल काढला, बापाच्या हनुवटीवर वाळत आलेलं रक्त पुसलं. मग स्वतःच्या डोक्यावरची क्लासच्या नावाची टोपी काढून बापाच्या डोक्यावर घातली आणि पुढची चोच डाव्या बाजूला, नाकावर सावली येईल अशी वळवली. फोन पुन्हा वाजायला लागला होता. या खेपेला शेषरावनं तो उचलला. पलीकडून द्वारका इतकं बोलली की त्याला फक्त "हो" म्हणायला जागा मिळाली, तीही दोनदाच. शेवटी ती म्हणाली, "चहा थंडा झाला तुमचा," आणि रडायला लागली.

"येऊन राह्यलो," शेषराव म्हणाला. "दुसरा सांग."

संकल्पनं त्याला बगलेत हात घालून उठवलं. गाड्या तुडुंब होत्या. पोरानं हात वर करून एक बस थांबवली, बापाच्या पद्धतीनं, पंजा सरळ धरून.

"चला पप्पा," तो म्हणाला, आणि मग जरा अडखळला, शब्द जिभेवर तपासून पाहिल्यासारखा. "परत."

"हां," शेषराव म्हणाला. "आता बरोबर."